बारा ओळींचा चेहरा

लेझरडिस्कच्या शौकिनांनी लिहिलेलं मी गेली काही वर्षं मन लावून वाचते आहे. एलपी रेकॉर्डएवढी, तीस सेंटिमीटर व्यासाची ती चकचकीत तबकडी अमेरिकेत १९७८ च्या डिसेंबरात विकायला आली. तिचे प्लेअर बनवणं आपण थांबवतोय असं पायोनियर कंपनीनं २००९ मध्ये जाहीर केलं. मधल्या तीस वर्षांत अमेरिकेपेक्षा जपाननंच तिला जास्त जीव लावला. आज तिचे चाहते जुने प्लेअर उघडून दुरुस्त करतात. तबकडीच्या दोन थरांमधला गोंद बिघडून आतलं ॲल्युमिनियम गंजलं, की पडद्यावर ठिपके उडायला लागतात. त्या ठिपक्यांचे फोटो ते एकमेकांना दाखवतात. या आजाराला त्यांनी ‘लेझर रॉट’ असं नाव ठेवलंय. हे सगळं तपशिलात आणि प्रेमानं लिहिलेलं असतं, आणि मला ते आवडतं.

अडचण एवढीच, की ते वाचून आपल्याकडचे शौकीनही तोच चष्मा लावतात. आपल्या घरांत लेझरडिस्क आलीच नाही म्हटलं तरी चालेल. आली ती व्हीसीडी. तरीही जुन्या तबकड्या गोळा करणाऱ्या माणसाशी बोलायला बसा, तो लेझरडिस्कच्या चित्राची महती सांगेल आणि व्हीसीडीचा विषय निघाला की हसेल. उलट मराठीत व्हीसीडीवर जे लिहिलं जातं ते बहुतेक आठवणींचं. शनिवारची रात्र, भाड्यानं आणलेला प्लेअर, गल्लीतली पोरं, ऐन मारामारीत गेलेली लाईट. गोड असतं ते. पण त्या तबकडीवर नेमकं काय होतं आणि कसं होतं, हे त्यात कुणी बघत नाही.

माझं म्हणणं असं, की मराठी नाटक आणि लोकनाट्याच्या अभ्यासकानं व्हीसीडीकडे पुस्तकाच्या आवृत्तीसारखं बघायला हवं. कुणी काढली, केव्हा, कशावरून, काय गाळलं, काय घुसडलं. ती आवृत्ती वाईट आहे हे मान्यच. पण कित्येक प्रयोगांची दुसरी आवृत्ती निघालेलीच नाही.

आधी लेझरडिस्कला तिचं श्रेय देऊन टाकते. सीएव्ही प्रकारच्या लेझरडिस्कच्या एका बाजूला ५४,००० चौकटी बसायच्या आणि हवी ती चौकट नंबर टाकून पडद्यावर उभी करता यायची. सिनेमाचं पान उलटून मागे जाऊन वाचणं घरबसल्या शक्य झालं ते असं. १९८४ मध्ये क्रायटेरियननं ‘किंग काँग’ची तबकडी काढली, तेव्हा सिनेमा चालू असताना त्याच्यावर बोलत जाणारं रोनाल्ड हॅव्हर या अभ्यासकाचं भाष्य दुसऱ्या ध्वनिपट्टीवर दिलं. पुढं डीव्हीडीवर सर्रास दिसणाऱ्या भाष्याची सुरुवात तिथली. म्हणजे समीक्षेला त्या तबकडीत पहिल्यापासून जागा होती.

व्हीसीडीत तशी जागा नव्हती. तिचे नियम १९९३ साली ठरले आणि ते ठरवताना एकच हट्ट होता, की गाण्याच्या सीडीवर, त्याच वेगानं फिरवून, तासाभराहून जास्त वेळ हलतं चित्र बसवायचं. त्यासाठी काय काय सोडावं लागलं ते बघण्यासारखं आहे. आपल्याकडच्या टीव्हीच्या हिशेबानं व्हीसीडीचं चित्र ३५२ ठिपके रुंद आणि २८८ ओळी उंच. डीव्हीडीच्या साधारण पाव. सेकंदाला ११५० किलोबिट एवढ्याच माहितीत पंचवीस चौकटी कोंबायच्या, म्हणून प्रत्येक चौकट पूर्ण साठवतच नाहीत. अधूनमधून एक पूर्ण चित्र असतं, आणि मधल्या चौकटी ‘मागच्यापेक्षा काय हललं’ एवढ्याच टिपणावरून प्लेअर रचत जातो. त्यामुळे व्हीसीडी थांबवून एखादी चौकट निरखताना तुम्ही बऱ्याचदा गणितानं बांधलेला अंदाज बघत असता. लेझरडिस्कवर जे वाचन करता येतं, ते इथे तसंच्या तसं करता येत नाही.

दुसरा त्याग जास्त महागात पडला. संगणकाच्या सीडीवर प्रत्येक कप्प्यात २०४८ बाइट माहिती असते आणि ती खराब झाली तर दुरुस्त करायला २७६ बाइट राखीव ठेवलेले असतात. व्हीसीडीनं चित्रासाठीच्या कप्प्यांत ही राखीव जागासुद्धा चित्रालाच देऊन टाकली आणि कप्पा २३२४ बाइटचा केला. सीडीची मूळची प्राथमिक दुरुस्ती तेवढी उरली. म्हणून त्याच ओरखड्यानं संगणकाची सीडी वाचते आणि व्हीसीडीवर मात्र नायिकेचा गाल चौकोनी होऊन मागे राहतो व ती पुढे निघून जाते.

आता नाटक. व्हीसीडीचं चित्र सोळा-सोळा ठिपक्यांच्या चौकोनांत कापून साठवतात. आडवे बावीस, उभे अठरा, एकूण ३९६ चौकोन. पूर्ण रंगमंच दिसावा म्हणून कॅमेरा मागे ठेवला, तर उभा नट चित्राच्या उंचीच्या साधारण तिसरा हिस्सा व्यापतो. म्हणजे ९६ ओळी. माणसाचं डोकं त्याच्या उंचीच्या सातव्या-आठव्या भागाएवढं. हिशेब केला तर चेहऱ्याच्या वाट्याला बारा ओळी येतात. सोळाच्या एका चौकोनात अख्खा चेहरा मावतो आणि जागा उरते. भुवई, ओठाचा कोपरा, डोळ्यांतलं पाणी, सगळं त्या एका चौकोनाच्या सरासरीत.

हा हिशेब पुढ्यात ठेवला की नाटकांच्या व्हीसीडींतलं एक वागणं उलगडतं. कॅमेरा सारखा जवळ का जातो? दिग्दर्शकाला रंगमंचाची जाण नव्हती म्हणून, असा शेरा सहज मारता येतो. पण लांबून चित्रीकरण केलं तर नट दिसतच नाही आणि जवळून केलं तर नाटक दिसत नाही, असा तो पेच आहे. आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ घ्या. १९६२ पासून हे नाटक गाजलं ते प्रभाकर पणशीकरांच्या लखोबा लोखंडेमुळे आणि फिरत्या रंगमंचामुळे. (लखोबा आमच्या शेजारचा. उचगावातून महामार्गाला लागलं की तासाभरात निपाणी येते, आणि तिथल्या तंबाखूची ओळख इकडे कुणाला करून द्यावी लागत नाही.) कोर्टातून साक्षीदाराच्या आठवणीत आणि तिथून परत कोर्टात, असं ते नाटक रंगमंच फिरवून जातं. प्रेक्षागृहात बसलेल्याला ते फिरणं जाणवतं. पडद्यावर मात्र प्रसंग नुसता कापूनही बदलता येतो, त्यामुळे फिरण्याची गंमत राखायची तर कॅमेरा मागे आणावा लागतो, आणि मागे आणला की पणशीकर बारा ओळींचे होतात.

एकपात्रीची गोष्ट आणखी वेगळी. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये बावन्न पात्रं एकटे उभी करायचे. एकपात्रीत दोन पात्रांचा संवाद मानेच्या वळण्यात असतो. डावीकडे बघून एक, उजवीकडे वळून दुसरा. ते वळण चालू असताना कॅमेरा बदलला तर पात्र बदललं की नुसता कोन बदलला, हे कळायला क्षणभर वेळ जातो, आणि विनोदाला तो क्षण पुरतो मरायला. कुठल्याही एकपात्रीची व्हीसीडी तपासताना मी आधी हेच बघते. वळणावर कापलंय की वळण पूर्ण होऊ दिलंय?

चित्राबद्दल इतकी रड सांगितली, तर आवाजाबद्दलही सांगायला हवं. व्हीसीडीच्या आवाजाला सेकंदाला २२४ किलोबिट मिळतात. बोलण्यासाठी ही चैन आहे. चित्र धूसर असताना शब्द मात्र स्वच्छ येतात, श्वाससुद्धा. मराठी नाटक जितकं बघायचं तितकंच ऐकायचं असतं, त्यामुळे ही उणीअधिक वाटणी आपल्याला नकळत धार्जिणी ठरली. संवादाची फेक, थांबे, एकमेकांच्या वाक्यावर चढणं, यांवर या तबकड्यांवरून निर्धास्त लिहिता येईल. मुद्राभिनयावर लिहिताना जपून.

आवाजातच आणखी एक भेद सापडतो, ज्याची नोंद मला कुठल्या नाट्यसमीक्षेत आढळलेली नाही. काही नाटकं भरल्या नाट्यगृहात मुद्रित झालीत, काही रिकाम्या स्टुडिओत. स्टुडिओतल्या प्रतीचं चित्र नेटकं असतं, प्रकाश एकसारखा असतो, आणि नाटक मेलेलं असतं. शेकडो प्रयोग केलेला नट विनोदानंतर सवयीनं थांबतो, हशा येतच नाही, आणि तो शांततेत उभा राहतो. काही ठिकाणी नंतर डबा उघडून हशा ओतलेला असतो. तो ओळखायला सोपा, कारण तो नटाच्या थांब्याशी जुळत नाही, एक तर आधी संपतो किंवा पुढच्या वाक्यावर सांडतो. प्रेक्षकांसमोरच्या मुद्रणात एखादं मूल रडतं, खुर्ची करकरते, कुणी खोकतं. त्या नाटकाचा इतिहास लिहायचा झाला तर मी खोकणारी प्रत घेईन.

मग तबकडी बदलण्याचा प्रश्न. एका व्हीसीडीवर साधारण ७४ मिनिटं. दोन अंकी नाटकाला हे माप अंगच्या कपड्यासारखं बसतं, एका तबकडीवर एक अंक. सिनेमाची फजिती होते. त्याचं मध्यंतर एकीकडे आणि तबकडी संपायची दुसरीकडे, त्यामुळे घरच्या प्रेक्षकाला दोन मध्यंतरं. तीन अंकी जुनी नाटकं छाटून दोन तबकड्यांत बसवली की काय जातं, हे संहितेचं पुस्तक शेजारी उघडून बसल्याशिवाय कळत नाही. बसायला हवं कुणीतरी.

ही तबकडी इतकी पसरली त्यामागे बाजाराचाही हात आहे. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. तोवर शंभराच्या आसपास किमती बघायची सवय होती. लायब्ररीतून भाड्यानं आणण्यापेक्षा विकत घेणं परवडू लागलं आणि लायब्रऱ्या बसल्या. दहाएक वर्षांत ती कंपनीही बुडाली. स्वस्ताईचा एक दुष्परिणाम असा, की वेष्टण म्हणजे नुसतं नाव आणि फोटो उरलं. माझ्याकडच्या बहुतेक नाटकांच्या वेष्टणावर लेखक-दिग्दर्शक आहेत, पण मुद्रण कुठल्या नाट्यगृहात झालं, कुठल्या तारखेला, कितवा प्रयोग, त्या दिवशी बदली नट कोण होता, यांतलं काही नाही. आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत प्रयोगाचा आकडा अभिमानानं छापतात. तोच आकडा तबकडीवर छापायला शाईचे चार थेंब लागले असते. एक सोय सिनेमांच्या बाबतीत आहे. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं, त्यावर तारीख असते. ते मी नेहमी उतरवून घेते.

माझ्या संग्रहाचा मोठा भाग एका फटक्यात आला. उचगावात आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एका मामांची सीडी लायब्ररी होती. धंदा बसल्यावर तिथे मोबाइल रिचार्ज आला, मग तोही गेला, आणि तबकड्या पोत्यांत भरून माळ्यावर पडल्या. मी नाटकं तेवढी मागितली. मामा म्हणाले, “न्यायचं तर समदं न्या. निवडून मिळणार न्हाई.” एका तबकडीचं वजन सोळा ग्रॅमच्या आसपास. सव्वाचारशे तबकड्या म्हणजे सात किलोही नाहीत. भंगाराच्या भावात त्यांची किंमत काय झाली असती, हे आम्ही दोघांनीही मनातल्या मनात केलं आणि बोललो नाही.

त्या पोत्यांनी एक गोष्ट शिकवली. सीडीची काळजी घेणारे सगळे तिची खालची, चकचकीत बाजू जपतात. ती बाजू १.२ मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकची आहे, ओरखडे सोसते, घासून उजळताही येते. खरी नाजूक आहे छापील बाजू. माहितीवरचा चांदीसारखा थर तिच्या लगेच खाली, वर फक्त वार्निशचा पातळ पापुद्रा आणि शाई. लायब्ररीनं नेमके तिथेच नंबराचे स्टिकर लावलेले. मागच्या गिऱ्हाइकानं ते ओढून काढले की स्टिकरबरोबर थरही निघून येतो. दिव्यासमोर धरलं की तेवढ्या जागेतून पलीकडचा उजेड दिसतो. तिथला अभिनय कुठल्याही यंत्राला परत आणता येणार नाही.

पोत्यांत सर्वांत जास्त नुकसान झालं होतं ते जत्रेतल्या तबकड्यांचं. मोठ्या कंपन्यांचा माल कारखान्यात ठशावर दाबून काढलेला, खालून निखळ रुपेरी. पण लोकनाट्य, भारुडं, कीर्तनं, जोतिबाची गाणी, असा इकडचा माल छोट्या निर्मात्यांचा. शे-दोनशे प्रतींसाठी ठसा परवडत नाही, म्हणून त्या घरच्या संगणकावर एकेक भाजलेल्या. त्यांची खालची बाजू हिरवट किंवा निळसर दिसते, कारण माहिती तिथे सेंद्रिय रंगाच्या थरात असते आणि हा रंग उन्हानं, उष्म्यानं उतरतो. पत्र्याखालच्या माळ्यावर वीस उन्हाळे काढल्यावर काय होणार? जे जितकं गावातलं, तितकं ते लवकर पुसलं जातंय. आपल्या लग्नाची व्हीसीडीही याच जातीची आहे, हे वाचकांनी कपाट उघडून एकदा बघावं.

इथे मात्र परदेशी शौकिनांचा मला खरा उपयोग झाला. बीबीसीनं १९८६ मध्ये इंग्लंडच्या ‘डूम्सडे बुक’ला नऊशे वर्षं झाली म्हणून गावोगावच्या शाळांकडून माहिती गोळा करून ती दोन लेझरडिस्कवर घातली होती. पुढं ती वाचायला यंत्रंच उरली नाहीत. ती वाचवण्याच्या खटाटोपातून शौकिनांनी एक पद्धत बसवली. प्लेअरच्या लेझरकडून येणारा कच्चा संदेश थेट पकडायचा, त्याचं चित्र संगणकावर करायचं, आणि एकाच तबकडीच्या अनेक प्रती वाचून एकीतली भोकं दुसरीनं बुजवायची.

व्हीसीडीवर हे आणखी सोपं आहे. फक्त संगणकात तबकडी घालून ती ‘डॅट’ फाइल उचलून टाकायची नाही. खराब कप्पा आला की संगणक चूक दाखवून थांबतो आणि पुढचं सगळं सोडून देतो. अख्ख्या तबकडीची कप्प्यागणिक कच्ची प्रत काढायची, वेगवेगळ्या ड्राइव्हवर, सावकाश. एका ड्राइव्हला न दिसलेला कप्पा दुसऱ्याला दिसतो. तीन प्रती हाताशी असतील तर जिथे दोघींचं जुळतं तो बाइट खरा धरायचा. हस्तलिखितांची पाठचिकित्सा करणारे पंडित पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत. भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली ती अनेक पोथ्या जुळवूनच.

अशाच जुळवणीत मला एक लोकनाट्य सापडलं. हक्काचा गुंता असल्यामुळे नाव लिहीत नाही. मामांकडे त्याच्या तीन प्रती होत्या, वेष्टण एकच. दोन प्रती बाइटनिशी जुळत गेल्या, तिसरी बतावणीपाशी फुटली. गण, गवळण एकसारखं, मग पहिल्या दोन प्रतींत बतावणीतून थेट वगात उडी. तिसरीत मधे सुमारे चार मिनिटं जास्त. त्यात सोंगाड्या साखर कारखान्याच्या बिलावरून, उसाच्या तोडीच्या पाळीवरून बोलतो, आणि प्रेक्षक असे हसतात, की त्याला पुढचं वाक्य दोनदा घ्यावं लागतं. नंतरच्या काढणीत हे कापलंय. कुणी सांगून कापलं, का जागेसाठी कापलं, हे तबकडी सांगत नाही. पण वगनाट्याचा जीव त्या बतावणीत असतो, ती त्या गावच्या त्या रात्रीची असते, आणि संहिता म्हणून ती कुठे लिहिलेली नसते. ती तिसरी प्रत भाजलेली, हिरवट. आतल्या वर्तुळात वाचते, कडेला येईतो बऱ्याच ठिकाणी गळते. वगाचा शेवट तिच्यात तुटक आहे.

इंटरनेटवर या लोकनाट्याची जी प्रत फिरते ती कापलेली. दोन तबकड्या जोडून, सुरुवातीची निर्मात्याची पाटी उडवून, कोपऱ्यात स्वतःचं चिन्ह डकवून कुणीतरी चढवली आहे. हल्ली भर अशी, की कृत्रिम बुद्धिमत्तेनं चित्र चौपट ‘स्वच्छ’ करतात. बारा ओळींच्या चेहऱ्यातून शंभर ओळींचा चेहरा काढायचा म्हणजे उरलेल्या ओळी कुठून तरी आणाव्याच लागतात. यंत्र त्या हजारो परक्या चेहऱ्यांच्या सरासरीतून आणतं. सोंगाड्याला गुळगुळीत कातडी आणि एकसारखे दात येतात. मूळ प्रतीतला चौकोन निदान प्रामाणिक होता. इथे दिसत नाही, एवढं तरी तो सांगत होता.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ पासूनचं. त्यानंतर कित्येकांनी तिथे पाहिलेल्या प्रयोगांच्या आठवणी लिहिल्या. त्या वाचताना मी माझ्या यादीवर बोट फिरवत होते, की यातलं काय आज बघता येईल? वास्तू परत बांधता येते. प्रयोगाचं तसं नाही, आणि त्याची जी काही छायाप्रत असते तिला कुणी वाली नाही. १९५४ च्या कायद्यानं प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांत जमा करावी लागते. त्या कायद्यात पुस्तकं आणि वृत्तपत्रं आहेत, तबकड्या नाहीत. स्वामित्वहक्क मात्र खणखणीत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ध्वनिचित्रमुद्रणावरचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत चालतो. निर्माता सापडत नाही, सापडला तर त्याच्याकडे मूळ टेप नाही, आणि तरी मी जुळवलेली प्रत तुम्हाला दाखवू शकत नाही. हिरवट तबकडी तोवर थांबणार नाही.

माझ्याकडे सध्या दोन चालू ड्राइव्ह आहेत आणि एक जुना प्लेअर, ज्याची लेन्स दोनदा बदलून झाली. अजून साठेक तबकड्या वाचायच्या आहेत. उसाची बतावणी असलेल्या लोकनाट्याची आणखी एक हिरवट प्रत मिळाली तर वगाचा शेवट पुरा होईल. वेष्टणावर फेटा बांधलेला सोंगाड्या आणि मागे पिवळा पडदा आहे, निर्मात्याचा पत्ता फाटलेला. करवीर, कागल, हातकणंगले, निपाणी भागात कुणाच्या माळ्यावर ती असेल तर मला कळवा. वेष्टण नसलं, ओरखडे असले तरी चालेल. फक्त वरचं स्टिकर ओढून काढू नका.